करवत वाकडी जाते, दोष हाताचाच?

'करवत रेषेबाहेर गेली म्हणजे कापणाऱ्याचा हात कच्चा,' असं गावोगाव म्हणतात. हात कच्चा असूही शकतो; पण बऱ्याचदा करवतच ओढते.

करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्यापेक्षा थोडा रुंद पडतो, पातं अडकत नाही. एका बाजूचे दात जास्त वाकलेले किंवा जास्त धारदार असले, की करवत तिकडेच सरकते. जुन्या वखराच्या लाकडातला खिळा लागून एका बाजूचे दात बोथटले, तरी तेच: करवत दुसऱ्या, धारदार बाजूकडे सरकते.

सागाच्या टाकाऊ तुकड्यावर गुण्याने (सुताराच्या काटकोनाने) रेष मारा, सैल हाताने कापा. मग दुसऱ्याला तीच करवत द्या. दोघांचाही काप एकाच बाजूला गेला, तर करवतीकडे बघा. सुईची परीक्षा जुनी अन् मजेदार: दात वर करून धरा, दातांच्या दोन ओळींमधल्या खाचेत सुई ठेवा, पातं तिरपं करा. सुई टोकापर्यंत घसरली तर दात ठीक. मध्येच पडली तर तिथले दात तपासा. (फार बारीक दातांवर हे जमत नाही.)

जास्त वाकलेल्या बाजूवरून धारेचा दगड सपाट ठेवून एकदाच, हलका फिरवा. पुन्हा कापून बघा, मगच दुसऱ्यांदा दगड फिरवा.