मोल्सवर्थ (आडनाव)

इंग्लंडमधील एक स्थलवाचक आडनाव. मराठी वाचकांना ते जेम्स टॉमस मोल्सवर्थ या कोशकारामुळे परिचित आहे. आडनावाचा उगम पूर्वीच्या हंटिंगडनशर परगण्यातील (१९७४ पासून केंब्रिजशर) मोल्सवर्थ या लहान खेड्यात आहे, याविषयी फारसा मतभेद नाही. वाद आहे तो खेड्याच्या नावाविषयी.

१०८६ च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडमधील जमिनींच्या पाहणीच्या नोंदवहीत) खेड्याची नोंद ‘मोल्सवर्द’ अशा वळणाची आहे. उत्तरपद ‘वर्थ’ म्हणजे जुन्या इंग्रजीतील कुंपण घातलेली वस्ती, म्हणजे वाडी. वाँड्सवर्थ, केनिलवर्थ या नावांतही तेच आहे. पूर्वपदाचा संबंध चिचुंदरीसारख्या बिळे करणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याशी जोडण्याची लोकव्युत्पत्ती आहे. ती ग्राह्य धरता येत नाही. प्राण्याचे हे नाव इंग्रजीत मध्ययुगाच्या उत्तरार्धात, बहुधा नेदरलँड्सकडील भाषांतून आले. जुन्या इंग्रजीत त्या प्राण्याला ‘वाँड’ म्हणत. त्यामुळे स्थलनामांचे बहुतेक अभ्यासक ‘मूल्’ हे व्यक्तिनाम मानतात, म्हणजे ‘मूल् याची वाडी’. नोंदीतील ओकाराची अडचण मोठी नाही, कारण फ्रेंचभाषी नॉर्मन राज्यकर्त्यांचे लेखनिक उकाराच्या जागी अनेकदा ओकार लिहीत. बकिंगमशरमधील मूल्सो या गावाचे पूर्वपदही असेच मानले जाते.

‘मूल्’ हे नाव लॅटिनमधील खेचरवाचक शब्दावरून आले असावे आणि मिश्र वंशाच्या माणसाला ते टोपणनाव म्हणून मिळत असावे, असा तर्क आहे. त्याला आधार म्हणून वेसेक्स या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा कॅडवाला याच्या मूल् नावाच्या भावाकडे बोट दाखवले जाते. हा मूल् ६८७ मध्ये केंटमध्ये जाळून मारला गेला. कॅडवाला हे नाव मूळचे ब्रिटन लोकांचे, म्हणजे अँग्लो-सॅक्सनांपूर्वीच्या केल्टिक रहिवाशांचे, असल्याने या भावांची आई ब्रिटन असावी, असे अनुमान निघते. ते आकर्षक आहे, पण एका कुटुंबावरून सर्वच मूल्-नामधारकांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. खेड्याच्या मूल् याचा त्या राजपुत्राशी संबंध जोडण्यास तर काहीच आधार नाही. चेशरमधील मोल्ड्सवर्थ हे गाव वेगळे असून त्याचे पूर्वपद टेकडीवाचक मानले जाते. जुन्या कागदपत्रांत वर्णलेखन सैल असल्याने दोन्ही गावांवरून आलेली आडनावे एकमेकांत मिसळली असण्याचा संभव आहे. म्हणून हे आडनाव लावणारे सर्वजण एका कुळातले समजू नयेत.

आपल्याकडील सातारकर, पुणेकर यांप्रमाणे गाव सोडून गेलेल्यांना गावाचे नाव चिकटले असावे. आरंभीच्या रूपांत गावापूर्वी ‘द’ हे फ्रेंच संबंधदर्शक अव्यय येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर द मोल्सवर्थ हा बेडफर्डशर व बकिंगमशरचा शेरीफ होता. तो राजपुत्र एडवर्डबरोबर धर्मयुद्धावर गेल्याचे उमरावांच्या वंशावळींत सांगितले जाते आणि कुलचिन्हातील क्रूस त्याचेच द्योतक मानले जातात. कुलचिन्हांची अशी स्पष्टीकरणे पुष्कळदा मागाहून रचलेली असतात, हे येथे लक्षात ठेवावे.

कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथील शाखेला १६८९ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्याच शाखेतील सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–५५) याने तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जचे समग्र लेखन संपादित केले आणि कैद्यांच्या हद्दपारीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे (१८३७–३८) अध्यक्षपद भूषवले. १८५५ मध्ये तो वसाहतमंत्री झाला. आयर्लंडमधील शाखेतील रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) याचे डेन्मार्कविषयीचे पुस्तक १६९४ चे. १७१६ मध्ये तो व्हायकाउंट (उमरावांतील एक दर्जा) झाला.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी. टॉमस व जॉर्ज कँडी आणि अनेक शास्त्री यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, तर वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. शास्त्रीमंडळींच्या श्रमांचा उल्लेख या संदर्भात पुष्कळदा राहून जातो, तो राहू नये. मराठीत ‘मोल्सवर्थ’ म्हटले की माणसापेक्षा कोशच अभिप्रेत असतो. १९७५ मध्ये पुण्यात त्याचे पुनर्मुद्रण झाले.

डब्लिन व वेलिंग्टन येथे या नावाचे रस्ते आहेत. न्यूझीलंडची संसद वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे.