प्रश्न विचारायचा कुणाला? स्कॉटलंडच्या संसदेतील प्रश्नोत्तरांची पार्श्वभूमी

स्कॉटलंडला स्वतःची निवडून आलेली संसद 1999 साली मिळाली. पण तेथील राज्यकारभार त्याच्या पुष्कळ आधीपासून इंग्लंडपेक्षा वेगळा चालत होता. 1885 साली लंडनमध्ये स्कॉटलंडसाठी स्वतंत्र खाते उघडले गेले आणि 1939 मध्ये त्याचे मुख्य कामकाज एडिनबरा येथील सेंट अँड्र्यूज हाऊस या नव्या इमारतीत हलवण्यात आले. राष्ट्रीय आरोग्य सेवाही 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली ती स्कॉटलंडसाठी 1947 साली केलेल्या स्वतंत्र कायद्यानुसार. म्हणजे रुग्णालये, सरकारी घरे आणि रस्ते यांच्या फायली एडिनबरात फिरत असत. मात्र त्या फायलींवर सही करणारा मंत्री उत्तरदायी होता तो सुमारे चारशे मैल दूर असलेल्या लंडनच्या कनिष्ठ सभागृहाला. आज स्कॉटलंडचे सदस्य आपल्या सरकारला आरोग्य, घरबांधणी आणि वाहतूक या विषयांवर जे प्रश्न विचारतात, त्यांचे मूळ राष्ट्रवादापेक्षाही कारभार आणि जाब यांच्यातील या अंतरात अधिक आहे, असे मला वाटते.

लंडनच्या सभागृहात स्कॉटलंड खात्याची पाळी काही आठवड्यांतून एकदा येई आणि मासेमारीपासून तुरुंगांपर्यंत सगळे विषय तासाभराच्या आत उरकावे लागत. स्कॉटिश ग्रँड कमिटी ही स्कॉटलंडच्या खासदारांची समिती चर्चा करू शके, परंतु सरकारला वाकवण्याची ताकद तिच्यात नव्हती. 1987 च्या निवडणुकीने ही व्यवस्था किती ठिसूळ आहे ते दाखवून दिले. स्कॉटलंडमधील 72 जागांपैकी सत्ताधारी हुजूर पक्षाला केवळ 10 जागा मिळाल्या, आणि मंत्रिपदे भरल्यावर त्या पक्षाकडे समितीवर बसवण्यापुरते स्कॉटिश खासदारच उरले नाहीत. त्यामुळे स्कॉटलंडच्या कारभाराची तपासणी करणारी सिलेक्ट कमिटी पुढील निवडणुकीपर्यंत, म्हणजे 1992 पर्यंत, स्थापनच झाली नाही. याच काळात, 1989 साली, ‘पोल टॅक्स’ हा माणशी कर इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडमध्ये लागू झाला. ज्यांच्यावर कर बसला त्यांनी निवडून दिलेले बहुसंख्य खासदार त्याच्या विरोधात होते, आणि मंत्र्यांना समितीसमोर बोलावून विचारावे तर समितीच अस्तित्वात नव्हती.

स्कॉटलंडला स्वतःचे विधिमंडळ देण्याचा एक प्रयत्न त्याआधीच फसला होता. 1 मार्च 1979 च्या सार्वमतात 51.6 टक्के मते बाजूने पडली. मात्र एकूण मतदारांच्या 40 टक्के लोकांचा होकार हवा अशी अट कायद्यात घातली गेली होती आणि तो आकडा 32.9 टक्क्यांवरच थांबला. 1989 साली मजूर पक्ष, लिबरल डेमोक्रॅट, चर्च, कामगार संघटना आणि स्थानिक संस्था यांनी मिळून घटनात्मक परिषद भरवली आणि पुढच्या आराखड्याचा पाया घातला. 11 सप्टेंबर 1997 च्या सार्वमतात 74.3 टक्के मतदारांनी संसदेला आणि 63.5 टक्क्यांनी तिच्या मर्यादित करअधिकाराला संमती दिली.

1998 च्या स्कॉटलंड कायद्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. नव्या संसदेला कोणते विषय दिले याची यादी त्यात नाही; लंडनने स्वतःकडे राखून ठेवलेले विषय तेवढे मोजून सांगितले आहेत आणि उरलेले सर्व एडिनबराकडे गेले आहेत. मुंबई इलाख्यातील 1919 नंतरची सोपीव आणि राखीव खाती ज्यांना इतिहासातून ठाऊक आहेत त्यांना या विभागणीची ओळख पटेल. फरक असा की तेथे एकाच सरकारात दोन प्रकारची खाती होती, येथे दोन सरकारे आणि दोन संसदा आहेत. आरोग्य, घरबांधणी आणि देशांतर्गत वाहतुकीचा मोठा भाग एडिनबराकडे आला. घरभाड्यासाठीचे सरकारी साहाय्य मात्र सामाजिक सुरक्षेचा भाग म्हणून लंडनकडेच राहिले, आणि रेल्वेमार्गांच्या खर्चाचे अधिकार 2005 च्या कायद्यानंतर सोपवले गेले.

संसदेचे कामकाज कसे चालावे हे ठरवण्यासाठी हेन्री मॅक्लीश यांच्या अध्यक्षतेखाली एक सल्लागार गट नेमला होता. त्याने जानेवारी 1999 मध्ये दिलेल्या अहवालात सत्तेची वाटणी आणि उत्तरदायित्व ही तत्त्वे अग्रभागी होती. लंडनमध्ये विधेयके तपासणाऱ्या आणि खात्यांची चौकशी करणाऱ्या समित्या वेगवेगळ्या असतात. येथे दोन्ही कामे एकाच समितीकडे दिली गेली. लेखी प्रश्नाला अधिवेशनकाळात साधारणपणे दहा दिवसांत उत्तर अपेक्षित असते. 129 सदस्यांपैकी 56 जण प्रादेशिक याद्यांतून प्रमाणशीर पद्धतीने येत असल्याने एका पक्षाला बहुमत मिळणे कठीण व्हावे, हाही हेतू होता. सदस्यांची आसने अर्धवर्तुळात मांडली ती दोन बाजू समोरासमोर उभ्या ठाकू नयेत म्हणून. फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तेथील सरकारचे प्रमुख, यांच्या गुरुवारच्या प्रश्नोत्तरांत आसनांचा हा सौम्यपणा फारसा उतरला नाही. त्या वेळी जे रंगते ते मुख्यतः दूरचित्रवाणीसाठी असते. सरकारला खरोखर अडचणीत आणणारे काम बहुधा लेखी प्रश्नांतून आणि समित्यांच्या साक्षींतून झाले आहे.

आरोग्याच्या बाबतीत या नव्या व्यवस्थेची पहिली मोठी कसोटी वृद्धांच्या शुश्रूषेवर लागली. 65 वर्षांवरील व्यक्तींना वैयक्तिक शुश्रूषा विनामूल्य द्यावी ही राजआयोगाची शिफारस लंडनने इंग्लंडसाठी स्वीकारली नाही. स्कॉटलंडने ती 2002 पासून अमलात आणली. त्यावर लंडनच्या केंद्रीय खात्याने शुश्रूषागृहांतील अशा वृद्धांना मिळणारा भत्ता थांबवला, आणि एका सरकारच्या धोरणाचा भार दुसऱ्या सरकारच्या निर्णयाने कसा वाढतो हे सदस्यांना लवकरच कळले. पुढे 2011 च्या रुग्णहक्क कायद्याने ठरावीक उपचारांसाठी बारा आठवड्यांची हमी दिली. ही हमी असंख्य रुग्णांबाबत पाळली गेलेली नाही. पण विरोधकांच्या हाती मोजपट्टी आली, आणि तीही सरकारनेच घडवलेली.

वाहतुकीचा इतिहास याहून बोलका आहे. 2007 साली स्कॉटिश नॅशनल पार्टीने 129 पैकी 47 जागांच्या बळावर अल्पमतातले सरकार बनवले. एडिनबराची ट्राम योजना रद्द करावी असे या सरकारचे मत होते. जून 2007 मध्ये विरोधकांनी एकत्र येऊन तसे होऊ दिले नाही, आणि सरकारने मनाविरुद्ध 50 कोटी पौंडांचे अनुदान कायम ठेवले. मात्र आपल्या वाहतूक यंत्रणेचा योजनेतील सहभाग आटोपता घेतला. ट्राम मे 2014 मध्ये, आखलेल्यापेक्षा आखूड मार्गावर, उशिरा आणि कितीतरी जास्त खर्चाने धावली. लॉर्ड हार्डी यांच्या चौकशीचा अहवाल यायला सप्टेंबर 2023 उजाडले. महापालिका आणि ट्राम उभारणारी तिची कंपनी यांच्याबरोबरच मंत्र्यांनी यंत्रणा मागे घेण्याच्या निर्णयावरही त्यात ठपका ठेवला गेला. सभागृह सरकारला एखादी योजना चालू ठेवायला भाग पाडू शकते, ती मनापासून राबवायला लावू शकत नाही.

फेरीबोटींच्या प्रकरणात तर उत्तर देणाराच सापडेना. पोर्ट ग्लासगो येथील फर्ग्युसन गोदीला 2015 साली दोन बोटींचे 9.7 कोटी पौंडांचे कंत्राट मिळाले. 2019 मध्ये गोदी दिवाळखोरीत गेली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. बोटी विकत घेणारी सरकारी कंपनी निराळी, त्या चालवणारी निराळी, आणि बांधणारी गोदीही आता सरकारीच. प्रत्येक प्रश्न एकीकडून दुसरीकडे जात राहिला. मार्च 2022 मध्ये लेखापरीक्षकांनी नोंदवले की काम फसल्यास पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी नसताना मंत्र्यांनी कंत्राटाला मान्यता का दिली, याची पुरेशी कागदपत्रेच उपलब्ध नाहीत. पहिली बोट ‘ग्लेन सॅनॉक्स’ जानेवारी 2025 मध्ये ॲरन बेटाच्या मार्गावर प्रवासी घेऊ लागली.

घरांचा प्रश्न या तिन्हींत सर्वांत जुना आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, ग्लासगोच्या स्त्रियांनी मेरी बार्बर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने भाडेबंदी केली आणि त्याच वर्षी लंडनला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. नव्या संसदेने 2003 मध्ये बेघरांविषयी कायदा केला. निवारा देताना ‘प्राधान्य गट’, म्हणजे आधी हक्क असलेले लोक कोणते, हे पाहण्याची अट 2012 अखेर काढून टाकण्याची तरतूद त्यात होती, आणि ती मुदत पाळली गेली. सरकारी घरे भाडेकरूंना विकण्याची पद्धत 2016 मध्ये बंद झाली. हक्क वाढले तसे त्या प्रमाणात घरे मात्र वाढली नाहीत. कायदेशीर जबाबदारी स्थानिक परिषदांवर आणि पैसा एडिनबराकडे असल्याने पहिली हाक परिषदांनीच दिली: 2023 मध्ये अर्गाइल अँड ब्यूट, मग एडिनबरा आणि ग्लासगो यांनी आपापल्या क्षेत्रात गृहनिर्माण आणीबाणी जाहीर केली. 2024-25 च्या अर्थसंकल्पात परवडणाऱ्या घरांच्या तरतुदीला सुमारे 20 कोटी पौंडांची कात्री लागल्यावर प्रश्नांची धार वाढली, आणि 15 मे 2024 रोजी मजूर पक्षाने मांडलेल्या चर्चेत सरकारने राष्ट्रीय पातळीवर आणीबाणी असल्याचे मान्य केले. लंडनकडून मिळणाऱ्या भांडवली निधीतील कपात आणि घरभाडे साहाय्याची तोकडी मर्यादा ही कारणे सरकारने पुढे केली. ती खोटी नव्हती. मात्र त्या दोन्ही बाबींविषयी ज्यांना जाब विचारता आला असता ते मंत्री त्या सभागृहात बसत नाहीत.