लाखेच्या तबकड्या: आधी सुई, मग फोनो

एचएमव्हीची जुनी नाट्यगीताची तबकडी आजच्या टर्नटेबलवर लावली की डग्गा घुमतो, गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं आणि ‘स’, ‘श’ विरून जातात. बहुतेक वेळा तबकडी निर्दोष असते. फोनो प्रीअँप म्हणजे सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारं उपकरण. त्यातला आरआयएए वक्र, म्हणजे कोणते स्वर किती उचलायचे-उतरवायचे याचं ठरलेलं प्रमाण, १९५४च्या सुमारास ठरला; तबकडी त्याच्या कितीतरी आधीची.

खर्ज पूर्ण ताकदीनं कोरला तर खाच इतकी झोके घेते की शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून एका वारंवारतेच्या खाली, म्हणजे टर्नओव्हरच्या खाली, तो दाबून कोरतात आणि वाजवताना पुन्हा उचलतात. आरआयएएचा टर्नओव्हर ५०० हर्ट्झ. शिवाय कोरताना वरचे स्वर चढवलेले असतात, म्हणून वाजवताना १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल उतरवावे लागतात. एचएमव्हीच्या विद्युत मुद्रणाच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांचा टर्नओव्हर साधारण २५० हर्ट्झ, आणि वरचे स्वर जवळपास सपाट, म्हणजे न चढवलेले. त्या आरआयएएवर वाजवल्या की १०० हर्ट्झला सुमारे ५ डेसिबल जास्त येतात आणि ५ किलोहर्ट्झला ८ डेसिबल जातात. खरखर कमी होते खरी, पण व्यंजनंही तिच्याबरोबर जातात.

बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्यांसारख्या, कर्ण्यासमोर गाऊन भरलेल्या तबकड्यांत विद्युत वक्रच नाही. त्या सपाट ठेवून कानानं जुळवाव्यात.

तरी पहिला खर्च सुईवर करा. एलपीची सुई टोकाला १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येची. ती ७८च्या रुंद खाचेत तळाला टेकते आणि तळातली धूळ खरवडत राहते. ७६ मायक्रॉनच्या, म्हणजे ३ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुईनं सुरुवात करावी, सुईचा तबकडीवरचा भार ३ ते ५ ग्रॅम. पोलादी सुयांनी झिजलेल्या तबकडीवर ६४ किंवा ८९ मायक्रॉनची लावून पाहा: भिंतीचा न झिजलेला पट्टा वर किंवा खाली सापडला तर फरक थक्क करणारा असतो.

मग मोनो. या खाचेतलं गाणं आडव्या हालचालीत असतं. सुईच्या उभ्या हालचालीतून येतो तो नुसता गोंगाट, आणि स्टिरिओ काडतुसाच्या (सुई बसवलेल्या कार्ट्रिजच्या) दोन वाहिन्यांत तो उलट्या कलेत उतरतो, एकीत वर तेव्हा दुसरीत खाली. दोन्हींची बेरीज केली की तो बराचसा खोडला जातो. त्यासाठी फोनोवर मोनोचं बटण हवं. प्रीअँपच्या दोन आउटपुट वायर एकत्र पिळून काम भागवू नये, दोन्ही बाजू एकमेकींवर भार टाकतात. केवळ डावी किंवा केवळ उजवी वाहिनी निवडता आली तर आणखी उत्तम, कारण पुष्कळदा एकच भिंत खराब असते.

टर्नओव्हर आणि वरची उतरण वेगवेगळी फिरवता येणारा फोनो महाग पडतो. संगणकात साठवायचं असेल तर सपाट, म्हणजे कोणताही वक्र न लावणाऱ्या प्रीअँपनं २४ बिटमध्ये भरून वक्र ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये द्यावा. चुकला तर तबकडी पुन्हा झिजवावी लागत नाही. भरण्याआधी ती ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा थेंब घालून पुसा, लेबल कोरडं ठेवा. अल्कोहोल अजिबात नको, त्यात लाख विरघळते.

वेगही तपासा. ‘७८’ तेव्हा काटेकोर नव्हतं. ७४वर भरलेली तबकडी ७८वर फिरवली की सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. पिच कंट्रोल असलेलं टर्नटेबल घ्या आणि साथीची पेटी सुरात येईपर्यंत वेग उतरवा.