ऑपरेशन्स रिसर्चची शैक्षणिक सॉफ्टवेअर

मर्यादित साधनांतून सर्वांत फायद्याचा निर्णय काढण्याच्या गणिती पद्धती शिकवणारी सॉफ्टवेअर. जॉर्ज डँट्झिग यांची, टेबलांतून पायरीपायरीने सर्वांत चांगले उत्तर गाठणारी सिम्प्लेक्स पद्धत १९४७ ची; हॅरॉल्ड कून यांची, कोणते काम कोणाला द्यायचे हे ठरवणारी हंगेरियन पद्धत १९५५ ची. महाराष्ट्रात बारावी वाणिज्यच्या गणितात लिनियर प्रोग्रॅमिंग (सरळ रेषांनी मांडलेल्या मर्यादांत सर्वांत जास्त नफा किंवा सर्वांत कमी खर्च काढणे) आणि असाइनमेंट प्रॉब्लेम (कामांचे वाटप) आहेत. त्यामुळे विदर्भातल्या खेड्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांतही हा विषय पोचलेला आहे.

उत्तर काढून देणे आणि शिकवणे यांत फरक आहे. एक्सेलचा सॉल्व्हर क्षणात उत्तर देतो, पण मधल्या पायऱ्यांची टेबले दाखवत नाही. शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुढची पायरी विद्यार्थ्याने ठरवायची असते.

उदाहरणातले वावर १० एकरांचे घ्यावे. कपाशीला एकरी ३० दिवसांची मजुरी, सोयाबीनला १५. हाताशी मजुरी २१० दिवस. नफा एकरी १२,००० आणि ९,००० रुपये (आकडे कल्पित). ४ एकर कपाशी, ६ एकर सोयाबीन लावल्यास नफा १,०२,००० रुपये होतो. यापेक्षा जास्त मिळत नाही. सिम्प्लेक्समध्ये कपाशी उत्तरात आत घेताना, ती किती लावता येईल हे ठरवायला विद्यार्थ्याने टेबलातल्या मजुरीऐवजी जमिनीची ओळ निवडली, तर लाल फुली दाखवून अडवू नये, टेबल पुढे चालू द्यावे. दहाही एकरांत कपाशी येते आणि शिल्लक मजुरी उणे ९० दिवस निघते. मजुरांअभावी वेचणी रखडलेली ज्याने पाहिली आहे, त्याला यातला घोटाळा वेगळा समजवावा लागत नाही.

आलेखात नफ्याचा आकडा बोटाने सरकवता यावा. सोयाबीनचा नफा ६,००० वर आला की नफ्याची रेषा मजुरीच्या रेषेला समांतर होते आणि शक्य निवडींच्या आकृतीच्या एका कोपऱ्याऐवजी तिची अख्खी कड उत्तर ठरते. आणखी घसरला, तर ७ एकर कपाशी लावून उरलेले ३ एकर पडीक ठेवणेच फायद्याचे. वर्गात वाद होतो तो इथेच.

अपूर्णांक अपूर्णांकच राहावेत. वहीत १/३ आणि पडद्यावर ०.३३ दिसले की विद्यार्थी स्वतःच्या बरोबर उत्तरावर काट मारतो.

बाकी गरजा साध्या: इंटरनेटशिवाय साध्या मोबाइलवर चालणे, आणि प्रयोगशाळेतली लाइन गेली तरी प्रत्येक पायरी जतन होणे. भाषा मराठी असावी. मात्र ‘सिम्प्लेक्स’, ‘टेबल’, ‘असाइनमेंट’ हे शब्द वर्गात रुळलेले आहेत, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द देऊ नयेत.