सिनेमा अर्ध्यावर आला की डीव्हीडी का अटकायची?

नागपुरात बर्डीच्या दुरुस्तीवाल्यांकडे डीव्हीडीच्या जमान्यात एक तक्रार हमखास यायची: "भाऊ, सिनेमा अर्ध्यावर आला का सीडी अटकून राह्यली." मग लेन्स पुसा, सीडी शर्टाला घासा. पुष्कळदा बिघाड नसायचाच. तो क्षणभराचा थांबा चकतीच्या घडणीतच होता.

१९९५ मध्ये डीव्हीडीची चकती कशी असावी यावरून दोन गट भांडत होते. तोशिबाच्या गटाला ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवायच्या होत्या. सोनी-फिलिप्सच्या गटाचा भर एकाच बाजूला माहितीचे दोन थर देण्यावर होता. संगणक कंपन्यांनी दोघांनाही दटावलं, वर्ष सरता सरता समझोता झाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात प्लेयर विक्रीला आले.

एका थरात ४.७ जीबी मावतात. दोन थरांत ९.४ नव्हे, ८.५. दुसरा थर अर्धपारदर्शक पहिल्या थराआडून वाचायचा, म्हणून माहिती साठवणाऱ्या खुणा लांबीला जरा मोठ्या ठेवाव्या लागल्या. सिनेमाच्या चकतीवर पहिला थर सहसा आतून बाहेर वाचला जातो, दुसरा बाहेरून आत. त्यामुळे लेन्सला पुन्हा चकतीच्या मध्यापर्यंत पळावं लागत नाही. पण मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या अंतरावरचा दुसरा थर नव्याने नेमका पकडावा लागतोच. तेवढा वेळ प्लेयरच्या मेमरीत साठलेल्या चित्रावर निभावायचं. स्वस्त प्लेयरमध्ये मेमरी तोकडी, की चित्र थिजलं!

एका थरात चांगल्या दर्जाचा साधारण सव्वादोन तासांचा सिनेमा बसतो. आपले सिनेमे तीन तासांचे, म्हणजे दुसरा थर आलाच. त्यात या मांडणीत दुसरा थर पहिल्यापेक्षा मोठा चालत नाही. थरांचा बदल सिनेमाच्या मध्यावर किंवा जरा पुढे, थोडक्यात मध्यंतराच्या आसपास येतो. चकती तयार करणारा जाणकार माणूस तो काळ्या पडद्यावर बसवायचा, बेफिकीर माणूस भर गाण्यात. फुटपाथवरच्या 'पाच सिनेमे एकात' चकत्या बहुधा एकाच थराच्या. त्या तिथे कधी थांबत नसत, पण चित्राकडे बघवत नसे.

ओरखडा असला की चित्राचे चौकोन होतात, आवाज फाटतो, सिनेमा पुढे उडी मारतो. थर बदलताना चित्र स्वच्छ थांबतं, तिथूनच पुढे चालतं, संवादातला एक शब्दही हरवत नाही. मागे नेऊन परत लावलं तर थांबा पुन्हा त्याच जागी. तीच चकती जास्त मेमरीच्या प्लेयरमध्ये टाकली, तर तो दिसतच नाही.