पोटदुखीच्या रकान्यातली लेकरं

"रोज सकाळच्याला पोट दुखायलंय म्हणायली. ऐतवारी मातर काई न्हाई."

अंबाजोगाईजवळच्या एका दवाखान्यात मी खोकल्याचं औषध घ्यायला बसलो होतो. पुढचा नंबर एका आजीचा होता, सोबत बारा वर्षांची नात. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या होत्या, सोनोग्राफीही झाली होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "आईबाप कुठंयत?" "कोयत्यावर." म्हणजे ऊसतोडीला. केसपेपरवर 'पोटदुखी' लिहिलं गेलं, गोळ्या मिळाल्या, पुढचा नंबर पुकारला.

त्या पोरीला मानसिक आजार होता असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही आणि एका सकाळीत ते कुणालाच कळत नाही. पण ती नाटकं करत नव्हती, एवढं विज्ञान नक्की सांगतं. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं असतं आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालते. मन धास्तावलं की ताणाची संप्रेरकं आतड्यांची हालचाल बदलतात. एरवी जाणवणारही नाही अशी गुडगुड मग कळ म्हणून जाणवते. ही कळ खरी असते, फक्त सोनोग्राफीत दिसत नाही. 'मला धास्ती वाटते' हे वाक्य बारा वर्षांच्या लेकराला सुचत नाही. पोट दुखतं, हे सुचतं.

मग अशी लेकरं आहेत तरी किती?

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो. २०१५ साली २७ देशांतल्या ४१ अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली, तेव्हा आकडा आला १३.४ टक्के. म्हणजे साधारण तेवढाच. त्यात सगळ्यांत मोठा वाटा चिंतेच्या विकारांचा होता, ६.५ टक्के. ज्याची चर्चा सर्वाधिक होते ते नैराश्य २.६ टक्क्यांवर होतं. सतत चुळबुळ आणि लक्ष न लागणं हा प्रकारसुद्धा त्याच्या पुढे, ३.४ टक्के.

भारतात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. १३ ते १७ वयोगटात प्रमाण निघालं ७.३ टक्के. महानगरांत १३.५ आणि ग्रामीण भागात ६.९. गावाकडच्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. बघा, आमची लेकरं कशी मोकळ्या हवेत वाढतात! मलाही क्षणभर वाटलं होतं.

पण जरा थांबा. भारतातल्या जुन्या अभ्यासांचा २०१४ साली आढावा घेतला गेला, तेव्हा घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत प्रमाण ६.४६ टक्के आलं आणि शाळांत केलेल्या पाहण्यांत २३.३३ टक्के. देश तोच, तरी साडेतीनपट फरक. घरी गेलं की उत्तरं बहुतेक आई-बाप देतात. 'आमच्या पोराला काय झालंय, चांगलं दोन टाइम जेवतंय की.' शाळेत मास्तर सांगतात किंवा मूल स्वतः सांगतं. ज्याला विचारावं, त्याच्या डोळ्यांना दिसतं तेवढंच कागदावर येतं.

दुसरी भानगड चाळणीची. बहुतेक पाहण्यांत आधी एक प्रश्नावली देतात. १९९७ साली रॉबर्ट गुडमन यांनी तयार केलेली पंचवीस प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. पण ज्वारी चाळली म्हणजे निवडली असं होत नाही. नंतर सुपात घेऊन खडे वेचावेच लागतात. हिशेब करून बघा. समजा शाळेत १००० मुलं आहेत आणि त्यांतल्या ७० जणांना खरोखर विकार आहे. चाळणीनं त्यांतले ५६ पकडले. उरलेल्या ९३० पैकी शंभरी पंधराला उगाच धरलं, तर ते झाले १४०. यादी झाली १९६ जणांची, आणि त्यांतली बहुसंख्य मुलं धडधाकट! 'अमुक टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त' अशी ठळक बातमी दिसली की मी आधी बघतो, हे नुसतं चाळलंय की निवडलंय.

आणि आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ती राष्ट्रीय पाहणी झाली त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. पाहणीत प्रौढ होते ३४,८०२ आणि किशोरवयीन फक्त १,१९१. बीड-जालन्याची एकही पोरगी त्या ७.३ मध्ये नाही. गावाकडचा कमी आकडा आपण आपल्या खात्यावर जमा करून घेतो, तो कुठल्या तरी दुसऱ्याच गावांचा असतो.

वयाचं गणित मात्र सगळीकडे बरंचसं सारखं. १९२ अभ्यासांतल्या सात लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की ३४.६ टक्के रुग्णांचा आजार चौदाव्या वर्षाच्या आत सुरू झाला होता आणि ४८.४ टक्क्यांचा अठराच्या आत. सुरुवात होण्याचं सर्वांत नेहमीचं वय साडेचौदा. याच वयात मेंदूतली भावनांची केंद्रं जोरात आलेली असतात, आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. साडेचौदा म्हणजे आपल्याकडे नववी-दहावी. त्यानंतर लगेच लातूरला खोली, मेस आणि क्लास, घरापासून दूर. किंवा मग कोयता.

कोयत्याचं थोडं सांगायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की दिवाळीच्या आसपास गाडी भरायची, परत यायचं ते उन्हाळ्यात. लेकरं एक तर आईबापासोबत उसाच्या फडावर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात. गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिथं जेवतात. फडावर गेलेलं लेकरू घरोघरच्या पाहणीत सापडत नाही, कारण घराला कुलूप असतं. शाळेतल्या पाहणीतही नाही, कारण बाक रिकामा असतो. मागं राहिलेलं सापडतं, पण त्याच्या वतीनं उत्तर देणाऱ्या आजीला ते रात्री रडतं हे माहीत असूनही 'आईची सय येती' यापलीकडे तिला त्यात काही वावगं वाटत नाही. बहुतेकदा तिचं बरोबरही असतं. आईची आठवण म्हणजे आजार नव्हे. पण आठवड्यांमागून आठवडे झोप, जेवण, शाळा, खेळ सगळंच मोडत असेल, तर ते निवडून बघायला हवं.

बघणार कोण, हा पुढचा प्रश्न. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. तशी बहुतेक लेकरांना रुग्णालय लागतच नाही, नीट ऐकून घेणारं माणूस लागतं. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा फुकट नंबर सुरू आहे, तिथं मराठीत बोलता येतं. गावात 'येड्याच्या डॉक्टरकडं गेली' अशी बोंब होत नाही, हा त्याचा मला दिसणारा मोठा फायदा.

पुढची पाहणी आपल्याकडे येईल तेव्हा मी पहिला प्रश्न विचारीन, कुठल्या महिन्यात येताय? दिवाळीआधी आलात तर एक आकडा मिळेल, जानेवारीत आलात तर दुसरा.

ती पोरगी त्या दिवशी बहुधा दवाखान्याच्या महिन्याच्या तक्त्यात गेली असेल, पोटाच्या तक्रारींच्या रकान्यात. आजीनं गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधली, दारापर्यंत गेली आणि परत आली. उपाशीपोटी द्यायच्या का जेवल्यावर, हे विचारायचं राहिलं होतं.