शेवंती, पिवळी
सूर्यफूल कुलातील (अ‍ॅस्टेरेसी) बहुवर्षायू, उग्र वासाची, सुमारे ३०–९० सेंमी. उंचीची ओषधी (मऊ खोडाची लहान वनस्पती). शास्त्रीय नाव क्रिसँथेमम मोरिफोलियम. सातारा-सांगली भागात दसरा-दिवाळीच्या हारांसाठी शेतात आणि हौसेने परसबागेतही लावतात.

उगम : स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये पिवळ्या, लहान फुलांच्या जातीला ‘इंडिकम’ हे विशेषनाम दिले. त्यावरून ही वनस्पती मूळची भारतीय ठरवणे योग्य नाही. त्या काळी ‘इंडिया’ हे नाव पूर्वेकडील प्रदेशांना सैलपणे लावत. लागवडीतील शेवंती चीनमध्ये एकाहून अधिक रानटी जातींच्या संकरातून निर्माण झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंडिकम ही त्यांपैकी एक मानतात. इतर पूर्वजांविषयी मतभेद आहेत. बहुतेक प्रकार षड्गुणित (गुणसूत्रांचे सहा संच असलेले) असून त्यांची गुणसूत्रे ५४ च्या आसपास असतात. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळातील चिनी कवी थाव युआनमिंग यांच्या काव्यात कुंपणाकडेच्या शेवंतीचा उल्लेख येतो. मोरिफोलियम हे नाव १७९२ मधील. पुढे क्रिसँथेमम प्रजातीचे विभाजन होऊन शेवंती डेंड्रँथेमा प्रजातीत गेली. १९९९ मध्ये क्रिसँथेमम हे नाव तिच्यासाठी राखण्यात आले.

फुलणे : ही लघुदिवसी वनस्पती आहे; रात्र पुरेशी लांब झाली की कळ्या धरतात. साताऱ्यात जूनमधील सर्वांत मोठा दिवसही सुमारे १३ तास १० मिनिटांचाच असतो. त्यामुळे काही प्रकार झाड पुरेसे वाढण्याआधीच कळ्यांवर येतात. लागणीनंतर साधारण चार आठवड्यांनी शेंडा खुडल्यास फांद्या वाढतात व फूल भरते. रस्त्यावरील दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल, तर त्या बाजूची झाडे उशिरा फुलतात. खत वाढवून हा दोष जात नाही. जागाच बदलावी लागते.

लागवड : बी न लावता काश्यांपासून (बुंध्यालगत फुटणाऱ्या फुटव्यांपासून) करतात. फुले संपली की झाड जमिनीलगत छाटतात. बुंध्याभोवती फुटलेल्या काश्या उन्हाळ्याअखेर मुळांसह वेगळ्या करून लावतात. झाड चिवट आहे, पण मुळाशी साचलेले पाणी त्याला मुळीच सोसत नाही. म्हणून कराड-सांगलीकडील कृष्णाकाठच्या काळ्या, भारी जमिनीत गादीवाफा (उंच केलेला वाफा) आवश्यकच. वाई-महाबळेश्वरकडील पावसात कुंडी वळचणीखाली ठेवणे बरे. माण-खटावच्या हलक्या जमिनीत निचऱ्याची चिंता नसते, मात्र कळ्या धरताना पाण्याची ओढ बसू देऊ नये. दोन-तीन वर्षे जागा न बदलल्यास गड्डा दाटतो व फुले लहान होतात.

प्रकार : पिवळी रेवडी, सोनाली तारा इत्यादी.

रोग व कीड : मर, भुरी, पानांवरील ठिपके, मावा, फुलकिडे.